कालनिर्णयवर लिहिलेलं वजन

वजनकाटा खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, त्याच्यावर जे काय उभं आहे त्याचा आकडा तो दाखवतो आणि गप्प बसतो. आता त्याच्यावर जे उभं असतं त्यात चरबी असते, स्नायू असतात, हाडं असतात, रात्री प्यायलेलं पाणी असतं, कालची पावभाजी असते आणि माफ करा पण सकाळी पोट साफ झालंय की नाही तेही असतं. या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा येतो, आणि आपण तो आकडा म्हणजे निव्वळ चरबी असं धरून दिवसभर तोंड पाडून बसतो नाहीतर उगाच खुशीत दोन लाडू जास्त खातो.

शनिवारी सकाळी 76.2 आणि सोमवारी सकाळी 77.8. हे माझं झालेलं आहे, आणि ज्यांच्याकडे घरी काटा आहे त्या सगळ्यांचं होतं. मध्ये रविवार होता, भाच्याचा वाढदिवस होता, बाहेरचं जेवण झालं, वर पापड-लोणचं झालं. पण जरा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. म्हणजे 1.6 किलो चरबी दोन दिवसांत अंगावर चढायला 12 हजारांच्या वर कॅलरी लागणार, त्याही रोजच्या गरजेच्या वर. एका वडापावच्या साधारण 300 धरल्या तर 40 वडापाव झाले, रोजचं जेवण जेवून वर! मी खाण्यात कमी नाही पण 40 नाही खाल्ले हो. वाढलेलं होतं ते बरंचसं पाणी. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, भात-मैदा-साखर जास्त गेली की तेच, आणि बायकांचं तर पाळीच्या आधीच्या आठवड्यात काही न करता किलो-दीड किलो वर सरकतं आणि नंतर आपोआप उतरतं. ही गोष्ट मला चाळिशी उलटून गेल्यावर कळली. आमच्या डाएटच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कुणी काढतच नाही, सगळे आपले तूप आणि बटाटा यांच्यावरच घसरतात.

याची दुसरी बाजू जास्त गोड आणि जास्त फसवी. कुठलंही डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतं. शरीरात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, यकृतात थोडा आणि स्नायूंत बराच, सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. जेवण कमी केलं की हा साठा रिकामा होतो, त्याच्याबरोबर पाणी जातं आणि काटा धाडकन खाली येतो. मग आपण त्या डाएटच्या प्रेमात पडतो. 2018 साली आमच्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं हा वाद घराघरात चालू होता ते आठवत असेलच. एक म्हणत होते दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत उठा, एक म्हणत होत्या थोडं थोडं दर दोन तासांनी खा, तूप खा, घरचं खा. आमच्या सोसायटीत दोन्ही पार्ट्या होत्या, आणि दोन्ही पार्ट्यांतले लोक पहिल्या आठवड्यात छाती पुढे काढून चालायचे. मला दोन्ही बाजूंबद्दल काही म्हणायचं नाही, दोन्हीकडे फायदा झालेले लोक मी बघितलेत. पण पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून कुठल्याच डाएटचा निकाल लावू नये एवढं आता मला नक्की वाटतं.

लहानपणी वजन बघणं ही मजा होती खरं तर. आजोळ मिरजेचं, त्यामुळे मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघताना ते लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं मशीन, आत नाणं टाकायचं, ती चकती गरागरा फिरायची आणि खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी हिरोचा नाहीतर हिरोइनचा फोटो. आधी फोटो कुणाचा ते बघायचं, मग भविष्य वाचायचं, वजन शेवटी. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत. बास.

आता मी रोज काट्यावर उभी राहते. का, तर मी नोकरी करते त्या बँकेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत गेल्या वर्षी माझं एचबीए1सी, म्हणजे रक्तातली तीन महिन्यांची साखर, 6.2 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून पुढे घरात. बाबांना डायबेटिस होता, काकांना होता, त्यामुळे आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेलं बघून पोटात गोळा आलाच. आमच्या डॉक्टरीणबाईंनी वजन विचारलं आणि मग टेबलाच्या खणातून टेप काढली, शिलाईची असते तसली, आणि कंबर मोजली. 96 सेंटिमीटर. म्हणाल्या, "वजनाचं बघू हळूहळू, मला ही खाली आलेली हवीये." भारतीय बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरच्या आत कंबर असावी असं धरतात. पोटाच्या आत अवयवांभोवती जी चरबी साठते ती जास्त त्रासदायक, आणि ती किती आहे याचा अंदाज काट्यापेक्षा टेपवर जास्त बरा येतो.

बीएमआयचं मला आधीपासून माहीत होतं, तेच ते किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र बेल्जियमच्या आडोल्फ केटले नावाच्या गणितीने 1830 च्या दशकात काढलं, आणि हा माणूस डॉक्टर नव्हता, त्याला सरासरी माणूस कसा असतो हे आकड्यांत पकडायचं होतं. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतल्या अँसल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. आता गंमत बघा, माझा बीएमआय तेव्हा 29 च्या वर. आंतरराष्ट्रीय चार्टप्रमाणे 25 ते 30 म्हणजे ओव्हरवेट, त्यामुळे मी तिथे नुसती ओव्हरवेट. पण आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी रेषा खाली आणल्यात, 23 च्या वर ओव्हरवेट आणि 25 च्या वर लठ्ठ. म्हणजे मी विमानात बसून गेले की आपोआप एक पायरी बारीक होते!

रेषा खाली का आणल्या याचा एक फार सुंदर पुरावा पुण्यातलाच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कितीतरी वर्षं यावर काम करतायत. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे चार्ट दोघांनाही शाबासकी देणार. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के! दोघांच्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंग वाय ने सुरू होतात म्हणून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स असं नाव पडलं. आपल्याकडे हातपाय काड्या आणि पोट पुढे अशी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना कुणीच जाड म्हणत नाही. माझे बाबा असेच होते. शेवटपर्यंत 62 किलो. वजन बघून त्यांच्या डायबेटिसचा वास सुद्धा आला नसता कुणाला.

तर टेप. आईच्या शिवणाच्या डब्यातली जुनी टेप मी आणली होती, पण वर्षानुवर्षं ओढून ओढून ती सैल पडली होती, नवीन टेपशेजारी ठेवून बघितली तर फरक दिसला, मग ती परत डब्यात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक याच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून झाल्यावर आकडा बघायचा, टेप आवळायची नाही आणि पोट आत घ्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. बाथरूममध्ये कुणी बघत नसतं तरी पोट आपोआप आत जातं. म्हणून दोनदा मोजायचं, आणि महिन्यातून एकदाच मोजायचं, कारण कंबर आठवड्याला हलत नाही आणि हललीच तर तो टेप धरण्यातला फरक असतो.

याच काळात नवऱ्याने उत्साहाने एक स्मार्ट वजनकाटा आणला, मोबाइलला जोडला जाणारा. तो वजन सांगतो, चरबी सांगतो, पाणी सांगतो, हाडं सांगतो आणि तुमच्या शरीराचं वय सांगतो. मला त्याने 58 सांगितलं. मी 46 ची आहे. नवऱ्याला 44 सांगितलं, तो 49 चा आहे, त्यामुळे त्याचा त्या काट्यावर प्रचंड विश्वास. हे काटे पायातून अगदी बारीकसा वीजप्रवाह सोडतात, चरबीतून तो नीट जात नाही आणि पाणी असलेल्या स्नायूंतून जातो, त्यावरून अंदाज बांधतात. म्हणजे पाणी कमी प्यायलं असेल, नुकतेच पाय धुतले असतील, व्यायाम करून घाम आला असेल तर चरबीचा आकडा इकडचा तिकडे. मी सकाळी आणि संध्याकाळी उभी राहिले तर दोन वेगवेगळ्या बायकांचे रिपोर्ट आल्यासारखं वाटायचं. वजनापुरता तो काटा चांगला आहे, बाकीचं मी बघायचं सोडून दिलं.

खाण्याचं ॲप पण टाकलं होतं. त्याच्याशी माझं जमलं नाही. ते विचारणार एक वाटी आमटी म्हणजे किती. आता आमच्या घरात वाट्यांचे चार साइज आहेत, सासूबाईंच्या माहेरच्या भांड्यातली वाटी वेगळी, डिनर सेटमधली वेगळी, आणि आमटी पातळ की दाट हे मी कुकर लावताना फोन आला होता का यावर ठरतं. थालीपीठ शोधलं तर चार उत्तरं आणि चारही उत्तरांत कॅलरी वेगळ्या. तरी एक फायदा झाला. पंधरवडाभर लिहिल्यावर असं दिसलं की जेवणात फार काही गडबड नाहीये, गडबड आहे ती बँकेत दुपारी चारनंतर. चहा, चहाबरोबर बिस्किटं, कुणाच्या ना कुणाच्या बढतीचे पेढे, कुणाच्या नातवाची जिलबी. नाही म्हणणं पण जमत नाही, "मॅडम एक तरी घ्या." ते एकदा दिसलं आणि मग ॲपची गरज संपली.

त्यानंतर मी जिथे लिहायला लागले ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. आमच्याकडे कालनिर्णयवर सगळंच असतं, दूध कधी नव्हतं, सिलिंडर कधी लागला, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, पाण्याचा टँकर. तिथेच एका कोपऱ्यात मी रविवारी आठवड्याच्या सात वजनांची सरासरी लिहायला लागले. रोज उभं राहायचं, रोजचा आकडा मोबाइलमध्ये टाकायचा आणि विसरायचा, लिहायची ती फक्त सरासरी. सोमवारचा दीड किलोचा धक्का सरासरीत विरघळून जातो. आणि कालनिर्णयचा एक मोठा फायदा असा की वजन का वाढलं ते शेजारीच छापलेलं असतं. श्रावणात सरासरी वर, कारण उपवास. हो, उपवासाने! सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि प्रत्येक वेळी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप, वर बटाट्याचा कीस, आणि "आज उपवास आहे" म्हणून त्यातही दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं. गणपतीच्या दहा दिवसांत मोदक, मग पितृपक्षात खीर-वडे, मग नवरात्र, मग फराळ. चार महिने नुसता चढ. कागदावर एका ओळीत बघितल्यावर मला जरा हायसंच वाटलं, कारण मला वाटायचं माझ्यात निश्चय नाही, आणि दिसलं असं की माझ्यात सण आहेत. पानाच्या मागे त्या महिन्याच्या पाककृती छापलेल्या असतात ते सोडून देऊ.

स्टेप्सचं थोडक्यात सांगते. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून काढलेला नाही, 1965 मध्ये जपानमध्ये मानपो-केई नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, टोकियो ऑलिंपिकनंतरचा तो सगळा उत्साह, आणि तो आकडा जगभर चिकटला. चालणं उत्तमच आहे, पण रात्री साडेअकराला 9,400 झालेत म्हणून हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, काही टेन्शन आहे का? पैशाबिशाचं?"

मला पावलांपेक्षा पर्वती आवडते. सहकारनगरला राहते त्यामुळे ती अगदी हाताशी. 103 पायऱ्या आहेत, पेशव्यांच्या काळापासून तेवढ्याच, बॅटरी संपत नाही आणि अपडेट येत नाही. सुरुवातीला मी निम्म्यावर पोचायच्या आत थांबायचे, आणि थांबण्याचं कारण म्हणून खाली पुण्याकडे बघायचे, मोबाइल काढून फोटो बिटो काढल्याचं नाटक करायचे. तिथे सत्तरीचे आजोबा लोक आहेत ते गप्पा मारत चढतात, राजकारणावर भांडत चढतात. मी त्यांच्या मागे राहून ठरवलं की आपण बघायचं ते एवढंच, बोलत बोलत कुठपर्यंत जाता येतं. आधी पहिल्या वळणाला वाक्य तुटायचं. मग बरंच वर जाऊन तुटायला लागलं. आता वरपर्यंत मैत्रिणीशी फोनवर बोलत जाते, तिला कळतही नाही मी चढतेय, आणि याचा आनंद मला कुठल्याच काट्याने दिलेला नाही.

मध्ये मात्र फार कंटाळवाणा काळ आला. कालनिर्णयवर पान उलटतंय आणि सरासरी तीच, 74 च्या आसपास, पुढे नाही मागे नाही. त्याच महिन्यांत आठवड्यातून दोनदा डंबेल उचलायला सुरुवात केली होती, डाळी-उसळी-दही-अंडी वाढवली होती, आणि टेप मात्र खाली येत होती. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सगळ्यात आधी कळलं. त्या शिलाईत नेहमी भरपूर माया ठेवतात, गेली दहा वर्षं त्या फक्त माया सोडवून ब्लाउज सैल करून देत आल्यात, आणि यावेळी मोठ्या वहिनींच्या मुलीच्या लग्नासाठी ब्लाउज दाखवायला गेले तर टाचण्या तोंडात धरूनच म्हणाल्या, "मॅडम, बाजूने एक शिलाई आत मारायला लागतीये बघा." बिल पण घेतलं नाही त्यांनी त्याचं.

हे वजन अडकण्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास सांगितला तो मला फार धीर देऊन गेला. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने 531 जणांवर, म्हणजे माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या लोकांवर, जवळपास तीन वर्षं केलेला, 2006 साली प्रसिद्ध झालेला. ज्यांनी चालणं वाढवलं, खाणं सुधारलं त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी राहिलं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. म्हणजे काटा जागचा हलत नव्हता तरी आत काम चालू होतं. अमेरिकेतला जो मोठा अभ्यास 2002 मध्ये आला त्यात वजन 7 टक्के कमी करायचं लक्ष्य दिलं होतं आणि तिथे धोका 58 टक्क्यांनी कमी झाला, त्यामुळे वजन उतरलं तर उत्तमच, कोण नाही म्हणतंय. माझ्या हिशोबाने 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. 15-20 किलोची स्वप्नं बघण्यापेक्षा हा आकडा मला माणसात आल्यासारखा वाटला.

एचबीए1सी ज्याला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो ती दर आठवड्याला करून बघायचा मोह मला झाला होता, लॅबवाला घरी येतो ना आता. पण लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही टेस्ट मोजते, त्यामुळे मागच्या मंगळवारी जिलबीला नाही म्हटलं त्याचं कौतुक पुढच्या मंगळवारी होत नाही. आणि लोह कमी असलेल्या बायकांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बायकांमध्ये, हा आकडा उगाच वर दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन पण सोबत बघायला सांगितलं होतं. माझं हिमोग्लोबिन ठीक निघालं. तीन महिन्यांनी 6.0, पुढच्या वेळी 5.8. कंबर 88. वजन 72 च्या आसपास. कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथेच बसलंय, हलायला तयार नाही, त्याच्यावर आता गोळी चालू केलीये.

लोकांचं मोजमाप वेगळंच चालू असतं. चुलत सासूबाई म्हणाल्या चेहरा किती उतरलाय, काही लपवतीयेस का. बँकेतल्या एकाने विचारलं मॅडम किती किलो, मी म्हटलं पाच, तर म्हणाला "फक्त?" आणि पुढचा पेढ्याचा बॉक्स माझ्यासमोर धरला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आमच्या सासूबाईंना रोज बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं. त्यांनी सरळ कालनिर्णय गाठलं. आता चौकोनात तिथी, नक्षत्र, दूध, मावशींची सुट्टी, माझी सरासरी आणि त्यांचं बीपी इतकी गर्दी झालीये की परवा चष्मा लावून त्या बराच वेळ उभ्या होत्या आणि मग हाक मारली, "अगं, हे 72 तुझं वजन की माझं खालचं बीपी?" मी म्हटलं आई, तुम्ही निळ्या पेनने लिहीत जा, मी लाल घेते. तर म्हणाल्या, "लाल नको, लाल दूधवाल्याचं आहे."